मुलींसाठी आलेला कायदा आणि त्याचं अकरावं कलम

मे १८९५ मध्ये नाटककार ऑस्कर वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. ज्या कायद्याखाली ती झाली, तो आणला होता अल्पवयीन मुलींच्या रक्षणासाठी. हे त्रांगडं समजायला दहा वर्षं मागे जावं लागतं.

जुलै १८८५. 'पॉल मॉल गॅझेट'चा संपादक डब्ल्यू. टी. स्टेड याने लंडनमधल्या मुलींच्या खरेदीविक्रीवर लेखमाला सुरू केली. मुलगी किती सहज मिळते हे दाखवायला त्याने स्वतःच १३ वर्षांच्या एका मुलीचा ५ पौंडांत सौदा केला. वर्तमानपत्रं विकणाऱ्या डब्ल्यू. एच. स्मिथ कंपनीने आपल्या स्टॉलांवर अंक ठेवायला नकार दिला, तर कचेरीबाहेरच झुंबड उडाली. पुढे स्टेडच तुरुंगात गेला. कारण? पैसे आईला दिले, बापाची परवानगी घेतली नव्हती!

मुलींच्या रक्षणाचं, संसदेत रखडलेलं विधेयक आता धडाधड पुढे सरकलं. संमतीवय १३ चं १६ झालं. (आपल्याकडे १८९१ मध्ये ते १० वरून १२ करताना 'केसरी'ने केवढं रान उठवलं!) कुंटणखान्यांवर धाडी पडू लागल्या, तिथल्या बायका रस्त्यावर आल्या आणि रस्त्यावरची प्रत्येकच बाई संशयित ठरली. जून १८८७ मध्ये रीजंट स्ट्रीटवर संध्याकाळी एकटी फिरणारी, शिवणकाम करणारी एक तरुणी शिपायाने वेश्या समजून पकडली. न्यायाधीशाने तिला सोडलं, पण बजावलं: घरंदाज असशील तर रात्री इथे फिरू नकोस.

राहिलं अकरावं कलम. ६ ऑगस्ट १८८५ च्या रात्री उशिरा हेन्री लाबुशेर या खासदाराने ते घुसडलं. पुरुषांमधलं 'घोर असभ्य वर्तन', अगदी बंद दाराआडचंही, गुन्हा ठरलं. असभ्य म्हणजे काय, याची व्याख्याच नाही. खंडणीखोरांचं फावलं.

१८८९ मध्ये लंडनच्या टपाल कचेरीत चोरीचा तपास चालू होता. तारा पोचवणाऱ्या एका पोऱ्याकडे पगाराच्या मानाने फारच शिलिंग निघाले. त्या पैशांचा माग क्लीव्हलँड स्ट्रीटवरच्या, पुरुष गिऱ्हाइकांना मुलगे पुरवणाऱ्या एका घरापर्यंत गेला, तिथून थेट उमरावांपर्यंत. पोऱ्यांना तिथे नेणाऱ्या टपालखात्यातल्या कारकुनाला ४ महिने सक्तमजुरी झाली. तिथलं गिऱ्हाईक लॉर्ड आर्थर सॉमरसेट मात्र वेळीच परदेशी सटकला.

सहा वर्षांनी वाइल्डलाही मित्र तेच सांगत होते, फ्रान्सची बोट पकड म्हणून. तो हॉटेलच्या खोलीत बसून राहिला.