अमेरिकेचं स्वातंत्र्य-समतेचं वचन आणि वास्तव

४ जुलै १७७६ ला फिलाडेल्फियात मंजूर झालेल्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात म्हटलंय की सगळी माणसं जन्मतः समान आहेत आणि जगण्याचा, स्वातंत्र्याचा, सुखाच्या शोधाचा त्यांचा हक्क कुणीही हिरावून घेऊ शकत नाही. हे वचन आणि तिथल्या लोकांचं प्रत्यक्ष जगणं यातली दरी म्हणजे या नोंदीचा विषय. ही दरी नंतर कधीतरी पडली असं बरेच जण समजतात, पण तसं नाहीये, ती पहिल्या दिवसापासून कागदावरच होती.

मसुदा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनकडे आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम होते. त्याने मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा एक परिच्छेद घातला होता, तो प्रतिनिधींनी काढून टाकला. त्याच जाहीरनाम्यात मूळ रहिवाशांना 'निर्दयी रानटी' म्हटलंय. मग १७८७ ची राज्यघटना आली, तिच्यात गुलाम हा शब्द कुठेच नाही, 'इतर व्यक्ती' असं लिहिलंय, पण राज्याला किती जागा मिळणार हे ठरवताना अशा पाच व्यक्ती म्हणजे तीन धरायच्या असं ठरलं. म्हणजे ज्यांना मत नाही त्यांच्या डोक्यांवर त्यांच्याच मालकांच्या राज्यांना संसदेत जास्त जागा! १७९० च्या जनगणनेत गुलाम साधारण ७ लाख होते, १८६० मध्ये जवळपास ४० लाख.

आकड्यांनी हे कळतं पण पोचत नाही, म्हणून ओना जज बद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. ती जॉर्ज वॉशिंग्टनच्या बायकोची, मार्थाची दासी. राजधानी फिलाडेल्फियात होती तेव्हा राष्ट्राध्यक्षाचं घर जिथे जाहीरनामा मंजूर झाला त्या इमारतीपासून चालत काही मिनिटांवर होतं. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने तिथे राहिला की मोकळा व्हायचा, म्हणून मुदत भरायच्या आत गुलामांना राज्याबाहेर पाठवायचं आणि परत आणायचं, हे वॉशिंग्टन आठवणीने करायचा. मे १७९६ मध्ये, आपल्याला मार्थाच्या नातीला लग्नाची भेट म्हणून देणार आहेत हे ओनाला कळलेलं होतं, घरातली मंडळी जेवायला बसली असताना ती घरातून निघाली, जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचली. तिला परत आणायला माणसं पाठवली गेली, ती गेली नाही. एका स्वतंत्र खलाशाशी लग्न केलं, तीन मुलं झाली, आणि आई गुलाम म्हणून कायद्याने ती मुलंही गुलामच. १८४८ मध्ये ती वारली तेव्हाही कागदोपत्री फरारीच होती.

ज्यांना या वचनातून वगळलं त्यांनीच ते सगळ्यात घट्ट धरून ठेवलं, आणि मला तरी या सगळ्या इतिहासात हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. स्वतः गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ ला रॉचेस्टरच्या भाषणात ४ जुलैचा हा सण तुमचा आहे, माझा नाही असं तोंडावर सांगितलं, पण त्याच भाषणात त्यांनी घटनेला स्वातंत्र्याचा दस्तऐवजही म्हटलं.

गुलामीवरून उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांत झालेल्या यादवी युद्धानंतर घटनेत तीन दुरुस्त्या झाल्या, १८६५ ला गुलामी बंद, १८६८ ला नागरिकत्व, १८७० ला वंशावरून मताधिकार नाकारायला बंदी. १८७० मध्येच हायरम रेव्हेल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले, तेही मिसिसिपी या दक्षिणेतल्या राज्यातून. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना गुलाम मोकळे केल्याबद्दल अर्पण केलं ते याच काळात, तेव्हा ही आशा अगदी खरी होती. पण चारच वर्षांनी, १८७७ ला, दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी उभं असलेलं केंद्राचं सैन्य बाजूला झालं आणि गोऱ्यांनी सत्ता परत घेतली. १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेल्वेत कृष्णवर्णीयांसाठी वेगळे डबे कायदेशीर ठरवले, त्याच आधारावर वेगळ्या शाळाही चालत राहिल्या. मत द्यायला कर, वाचनाची परीक्षा, आणि परीक्षा घेणारा कारकून गोरा, पास-नापास त्याच्या मर्जीवर. गुलामीबंदीच्या दुरुस्तीत शिक्षा झालेल्या गुन्हेगाराचा अपवाद होता, त्याचा फायदा घेऊन बेकार फिरतो म्हणून माणसं पकडायची आणि खाणींना, मळ्यांना भाड्याने द्यायची असंही वर्षानुवर्षं चाललं.

बाकीच्यांचीही रांग लांबच होती. बायकांना देशभर मताधिकार १९२० ला, सगळ्या मूळ रहिवाशांना नागरिकत्व १९२४ ला. भगतसिंग थिंद हे अमेरिकन सैन्यात नोकरी केलेले शीख, पण १९२३ मध्ये कोर्टाने ते 'गोरे' नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं, आणि मग आधी मिळालेल्या कित्येक भारतीयांचंही काढून घेतलं. भारतीयांना हा हक्क १९४६ मध्ये मिळाला.

१९६३ ला वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांनी जाहीरनाम्याला न वटलेल्या चेकची उपमा दिली. १९६४ ला नागरी हक्क कायदा, १९६५ ला मताधिकार कायदा. याने काय फरक पडला ते मिसिसिपीत दिसतं, १९६४ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय प्रौढांपैकी ७ टक्केसुद्धा मतदार यादीत नव्हते, १९६७ पर्यंत जवळपास ६० टक्के झाले. याच वातावरणात १९६५ चा नवा इमिग्रेशन कायदाही झाला, देशावरून ठरणारा जुना कोटा गेला, आणि आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनियर मोठ्या संख्येने तिकडे जायला लागले ते त्यानंतरच. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिचं नावही तिथल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतलेलं.

मताधिकार कायद्यात एक महत्त्वाचं कलम होतं, भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशी राज्यं ठरवण्याचं सूत्रच रद्द केलं, त्यामुळे ते कलम नावापुरतं उरलं, आणि टेक्सासने त्याच दिवशी, याच कलमामुळे आधी अडलेला मतदार ओळखपत्राचा कायदा लागू करत असल्याचं जाहीर केलं.