शस्त्रक्रियाकालीन हायपोथर्मिया व त्याचा प्रतिबंध

भूल दिलेल्या रुग्णाच्या शरीराच्या गाभ्याचे, म्हणजे मेंदू, छाती व पोटातील अवयवांचे, तापमान ३६° सेल्सिअसच्या खाली उतरणे याला शस्त्रक्रियाकालीन हायपोथर्मिया म्हणतात. हृदयाच्या काही शस्त्रक्रियांत शरीर मुद्दाम थंड केले जाते. तो विषय वेगळा.

ऑपरेशननंतर हुडहुडी भरली की नातेवाईक थिएटरमधल्या एसीला दोष देतात. तो अगदीच चुकीचा नाही, पण मुख्य कारण भूल हेच आहे. एरवी गाभ्याचे तापमान जरासे उतरले तरी मेंदूतील हायपोथॅलॅमस कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतो आणि तेवढ्याने भागले नाही तर अंगाला कापरे भरवतो. संपूर्ण भुलीत हा पहारा ढिला पडतो. तापमान २ ते ४ अंश घसरेपर्यंत शरीर काहीच करत नाही. त्यातच रक्तवाहिन्या सैलावतात आणि गाभ्यातले गरम रक्त हातापायांकडे पसरते. पहिल्या तासात तापमान १ ते १.५ अंशाने उतरते ते मुख्यतः यामुळे. यातली बरीचशी उष्णता शरीरातच असते, तिने फक्त जागा बदललेली असते. खरी गळती पुढच्या दोन-तीन तासांत दिसते. उघड्या अंगातून होणारे प्रारण, म्हणजे स्पर्शाशिवाय आसपास फेकली जाणारी उष्णता, हा तिचा सर्वांत मोठा वाटा. शिवाय एसीचा झोत, उघड्या पोटातून उडणारी वाफ, भिजलेली चादर आणि गार सलाईन. खोलीच्या तापमानाचे १ लिटर सलाईन मोठ्या माणसाचे सरासरी तापमान सुमारे पाव अंशाने खाली आणते.

पाठीत इंजेक्शन देऊन दिलेल्या भुलीतही हेच घडते, आणि जागा असलेला रुग्ण थंडी वाजत असल्याचे सांगेलच असे नाही, कारण बधिर झालेले पाय त्याला गरमच वाटतात. सिझेरियनच्या टेबलावर बाळंतिणीला भरणारे कापरे भूलतज्ज्ञांच्या रोजच्या परिचयाचे आहे.

थंड शरीरात प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या रक्तकणिका, नीट काम करत नाहीत, रक्त गोठायला वेळ लागतो आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा अंमल लांबतो. १९९६ साली मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांवरील प्रयोगात जखमेतील जंतुसंसर्ग थंड गटात १९ टक्के, तर उबदार गटात ६ टक्के आढळला. या आकड्यांनी जगभरची पद्धत बदलली. ५,००० हून अधिक रुग्णांवर, बहुतांशी चीनमध्ये झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीत मात्र ३५.५° आणि ३७° या दोन लक्ष्यांमध्ये मोठ्या गुंतागुंतींचा फरक दिसला नाही. त्यामुळे दशांशाचा हट्ट नको, एवढाच बोध घेणे योग्य. त्या चाचणीतल्या थंड गटालाही वाऱ्यावर सोडलेले नव्हते.

प्रतिबंधातला सर्वांत दुर्लक्षित उपाय भुलीच्या आधीचा आहे. १० ते ३० मिनिटे आधीच हातपाय गरम केले, तर नंतर गाभ्यातून तिकडे धावणारी उष्णताच कमी होते. गळती सुरू झाल्यावर पांघरूण घालून ही पहिली घसरण भरून निघत नाही. आधी गरम करण्यासाठी आणि नंतरही प्रामुख्याने वापरतात ते गरम हवा खेळवणारे सच्छिद्र कागदी पांघरूण. ‘नाइस’ या ब्रिटिश संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक सलाईन आणि रक्त ३७° ला गरम करून द्यावे, रुग्ण उघडा असेपर्यंत थिएटर किमान २१° ठेवावे आणि तापमान दर अर्ध्या तासाने मोजावे. मोजणे हाच सगळ्याचा पाया. दीर्घ शस्त्रक्रियेत अन्ननलिकेतील किंवा नाकामागील प्रोब (तापमान मोजणारी बारीक तार) सर्वांत भरवशाचा, काखेतला थर्मामीटर नव्हे.

नवजात बाळात वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्र मोठे असते, त्यामुळे ते झपाट्याने गार पडते. अशा बाळाचे डोके व हातपाय कापसात गुंडाळणे ही लहान रुग्णालयांतली जुनी रीत आजही उपयोगी आहे. गरम पाण्याच्या बाटल्या किंवा पाणी भरलेले हातमोजे अंगाशी ठेवण्याची रीत मात्र सोडायला हवी: भुलीतला रुग्ण चटका बसल्याचे सांगू शकत नाही आणि आक्रसलेल्या रक्तवाहिन्यांची कातडी चटकन भाजते. गरम हवा सोडणाऱ्या यंत्राची, म्हणजे वॉर्मरची, नळी पांघरुणाला न जोडता तशीच चादरीखाली सरकवल्यानेही रुग्ण भाजतात.

थरथर सुरू झालीच, तर ट्रॅमाडॉल किंवा पेथिडिन देतात. त्याने कापरे थांबते, तापमान वाढत नाही. म्हणून औषध दिल्यावरही पांघरूण चालूच ठेवतात.