थंडीतील तणनाशक: एस्टर की अमाइन?

अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात हिरवळीतील डँडेलियन या तणावर फवारणी करण्याची योग्य वेळ म्हणजे वसंतातील पिवळ्या फुलांचा बहर नव्हे, तर सप्टेंबर-ऑक्टोबर. हे बहुवर्षायू (वर्षानुवर्षे जगणारे) तण या दिवसांत हिवाळ्याची बेगमी म्हणून पानांतील साखर सोटमुळाकडे पाठवत असते आणि पानांवर पडलेले आंतरप्रवाही (झाडाच्या आत पसरणारे) तणनाशकही त्याच रसवाहिन्यांतून खाली उतरते. मुळाचा तुकडा जरी शिल्लक राहिला तरी त्यातून पुन्हा पाने फुटतात, म्हणून औषध मुळापर्यंत पोहोचणे महत्त्वाचे.

मात्र गारठ्यात पानावरील मेणचट थर भेदून औषध आत शिरण्याची क्रिया मंदावते. म्हणूनच २,४-डी या तणनाशकाचे कोणते रूप आपण घेतो, याला महत्त्व येते. बाटलीवरील सक्रिय घटकांच्या यादीत ‘२-इथाइलहेक्झिल एस्टर’ असे लिहिले असेल तर ते मेणात सहज मिसळणारे रूप आहे आणि साधारण १० अंश सेल्सिअसलाही चांगले काम करते. ‘डायमिथाइलअमाइन’ क्षार असेल तर तो पाण्यात विरघळणारा असून त्याला सुमारे १५ अंशांपुढची ऊब लागते. उन्हाळ्यात मात्र ही निवड उलटी करावी, कारण तापमान २७-२९ अंशांपुढे गेले की एस्टरची वाफ शेजारच्या टोमॅटोची आणि द्राक्षवेलीची पाने आकसून टाकते. आपल्याकडे उसात २,४-डी फवारणाऱ्यांनीही द्राक्षबागेच्या बाबतीत हीच काळजी घ्यायला हवी.

जमिनीवर पसरणाऱ्या क्रीपिंग चार्ली या तणासाठी ट्रायक्लोपिर हे तणनाशक असलेले मिश्रण घ्यावे, कारण एकटे २,४-डी त्याच्यावर फारसे चालत नाही. काही मिश्रणांतील कार्फेन्ट्राझोन या तणनाशकामुळे थंडीतही पाने लवकर करपतात, पण करपलेले पान म्हणजे मेलेले मूळ नव्हे, हे माझ्या मते प्रत्येक खरेदीदाराने ध्यानात ठेवावे. मिश्रणांत असणारे डायकांबा हे तणनाशक मातीतून झाडांच्या मुळांपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे झाडांच्या विस्ताराखाली ते टाळावे.

हलके दहिवर (गोठलेले दव) पडून गेल्यावरही पाने हिरवी आणि टवटवीत असतील, तर उन्हाची, वारा नसलेली दुपार पाहून फवारणी करता येते. गोठलेल्या पानांवर कधीही करू नये.

कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात २००९ पासून केवळ शोभेसाठीच्या हिरवळीवर २,४-डी वापरण्यास बंदी आहे. तेथे लोहयुक्त तणनाशक मिळते, जे गारव्यातही काही तासांत पाने काळी पाडते. पण ते मुळात उतरत नसल्याने पुन्हा फूट आली की फवारणीही पुन्हा करावी लागते.