चहाचा डाग आणि पुढची रेघ

चित्रवहीच्या जाड कागदावर कोऱ्या चहाचा एक थेंब टाका आणि वाळू द्या. मधला भाग फिका राहतो, कडेला मात्र गडद तपकिरी कडं उमटतं. थेंबाची कड कागदाला धरून बसते. तिथलं पाणी भराभर उडतं आणि त्याची जागा घ्यायला मधलं पाणी कडेकडे वाहत जातं, ते रंगाचे कण सोबत घेऊनच. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली कॉफीच्या डागावरून हे कोडं उलगडलं. जलरंग वापरणाऱ्यांना ही कड रोजच भेटते.

आर्ट जर्नल, म्हणजे चित्रं आणि शब्दांची मनमोकळी वही, भरताना आराखडा नसतो. वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवायचा, त्यावर तेलखडू, वरून रंग, मध्येच दोन ओळी लिहायच्या. ‘मनात येईल ते काढा,’ असं शिकवणारे सांगतात. मला हे अर्धंच खरं वाटतं, कारण पानावर काय होणार हे हातातलं साहित्यही ठरवत असतं.

तेलखडूच्या रेघेवर जलरंग फिरवला की रंग बाजूला पळतो, हे शाळेत आपण सगळ्यांनीच पाहिलंय. पाण्याच्या रेणूंना तेला-मेणापेक्षा एकमेकांची ओढ जास्त, म्हणून पाणी रेघेवर पसरण्याऐवजी थेंब होऊन घरंगळतं. ॲक्रिलिकचं वागणं वेगळं. त्यातलं पाणी उडालं की प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार होतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. जलरंगातला डिंक मात्र विरघळतो. त्यामुळे वाळलेल्या ॲक्रिलिकवर बिनधास्त नवा थर द्यावा. वाळलेल्या जलरंगावर ओला ब्रश फिरला तर खालचा रंग उठून वर येतो. कधी सगळं मातकट होतं, कधी असा करडा जांभळा मिळतो जो ठरवून जमला नसता. एक पथ्य पाळा: तेलखडूच्या जाड थरावर ॲक्रिलिक लावू नका, ते नीट धरत नाही, पुढे सोलून निघतं.

मेक्सिकोचे चित्रकार दाविद आल्फारो सिकेरोस यांनी १९३६ साली न्यूयॉर्कच्या आपल्या कार्यशाळेत एका रंगावर दुसरा रंग ओतून पाहिला. ठिपके, जाळ्या, पेशींसारखे आकार आपोआप उमटू लागले. २०१५ मध्ये मेक्सिकोतल्या संशोधकांनी तो प्रयोग प्रयोगशाळेत पुन्हा केला. पांढऱ्या रंगाची घनता काळ्यापेक्षा जास्त, म्हणजे तो तेवढ्याच मापाला जड असतो, म्हणून वर ओतला की तो खाली बुडतो आणि काळा त्यातून वर घुसतो. थर उलटे लावले की काहीच घडत नाही! सिकेरोस याला अपघाती चित्रण म्हणत, पण कुठला अपघात ठेवायचा हे त्यांची नजर ठरवत होती.

असं उत्स्फूर्त काही करताना मेंदूत काय चालतं? जवळचा पुरावा संगीतातला आहे. २००८ साली सहा जॅझ पियानोवादकांना स्कॅनरमध्ये उत्स्फूर्त वाजवायला सांगितलं, तेव्हा स्वतःवर पहारा ठेवणारा, कपाळामागचा बाजूचा भाग शांत झालेला दिसला. चित्रातही असंच होतं असं यावरून ठामपणे म्हणता येणार नाही. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ साली ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं चिकणमाती, मार्कर, कोलाज असं हवं ते केलं. सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालं. चित्रकलेचा सराव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं. तरी ‘मला चित्र येत नाही’ म्हणून वही बंद ठेवणाऱ्यांना मी हा प्रयोग आवर्जून सांगते.

डागात चेहरा दिसायला तर सरावही लागत नाही. चेहऱ्यासारखी वस्तू समोर आली की मेंदूचा चेहरे ओळखणारा भाग सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत जागा होतो. १९२४ साली अर्जेंटिनात मुक्कामी असलेले रवींद्रनाथ ठाकूर ‘पूरबी’ या कवितासंग्रहाच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द रेघांनी एकमेकांना जोडत होते. त्या खाडाखोडीतून चोची निघाल्या, शेपट्या निघाल्या, कुठल्याच जंगलात नसलेले प्राणी निघाले. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. १९३० मध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन पॅरिसला भरलं.