मठ्ठ चोर वेगळा, वेंधळा चोर वेगळा

विनोदी कथेत चोराची फजिती करायची म्हटली की बहुतेक लेखक आधी त्याची अक्कल काढून घेतात. मग तो काचेच्या दारावर आपटतो, पिस्तूल उलटं धरतो, पोलिसालाच पत्ता विचारतो. हा मठ्ठ चोर. चुटक्यात खपून जातो, पण दुसऱ्या पानावर कंटाळा आणतो, कारण ज्याला काहीच कळत नाही तो पुढे काय करील याची उत्सुकता कुणाला?

वेंधळा चोर विचार करतो, भरपूर करतो. चुकलेलं असतं ते फक्त गृहीतक. त्यावर रचलेल्या पायऱ्या बिनचूक असतात.

समजा, त्याने धरून चाललंय की ओळखीच्या माणसावर कुत्रा भुंकत नाही. म्हणून तो पंधरा दिवस फाटकातून कुत्र्याला बिस्किटं भरवतो. चोरीच्या रात्री कुत्रा खरंच भुंकत नाही. शेपटी हलवत तिजोरीपर्यंत सोबत येतो, बसतो, बिस्किटाची वाट पाहतो. खिसे रिकामे आहेत हे कळल्यावर मात्र भुंकायला लागतो. इथे मठ्ठ चोर सैरावैरा पळेल (एव्हाना त्याने शेपटीवर पायही दिला असेल). वेंधळा चोर तिजोरी सोडून स्वयंपाकघरात बिस्किटांचा डबा शोधायला जातो. पुरावा समोर भुंकतोय, तरी हा गृहीतक सोडत नाही, दुरुस्ती करतो ती योजनेत. वाचक हसतो तो या हट्टाला.

प्रत्यक्षातही असंच. १९९५ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये एकाने तोंडाला लिंबाचा रस फासून, बुरखा न घालता दोन बँका लुटल्या. रसाने कॅमेऱ्यात चेहरा दिसत नाही, अशी त्याची खात्री होती. अमेरिकी कथाकार ओ. हेन्रीच्या १९०७ सालच्या ‘द रॅन्सम ऑफ रेड चीफ’ या विनोदी कथेतले अपहरणकर्तेही वेडे नाहीत. प्रतिष्ठित माणसाचा एकुलता एक मुलगा पळवला तर बाप पैसे देणारच, हा हिशेब कुणालाही पटावा. मुलगा इतका छळतो की ते खंडणी २,००० डॉलरवरून १,५०० वर आणतात, आणि बाप उलट २५० मागतो, मुलाला परत घेण्याचे!

दुर्दैवी चोर हा तिसराच. टायर पंक्चर होणं हा स्वभाव नव्हे. योगायोगाने चोराला अडकवायला हरकत नाही. पण शेवटची फजिती योगायोगाने केली तर ती फसवणूक.

लिहिताना प्रत्येक चुकीपुढे विचारा: ‘याने असं का केलं?’ उत्तर त्याच्याच तोंडून, एका वाक्यात, ठामपणे यायला हवं. ‘बावळट आहे म्हणून’ एवढंच सुचत असेल तर तो प्रसंग काढून टाका. जोडी असेल तर एक हुशार, एक ढ अशी वाटणी नको. दोघेही हुशार, पण प्रत्येकाला दिसत नाही ती गोष्ट वेगळी असू द्या. निवेदकानेही मधेच ‘बिचाऱ्याला काय ठाऊक!’ म्हणून डोळा मारू नये. ते वाक्य दिसलं की सरळ खोडा.