लाइटसेबर घेतलीत, आता हे वाचा: पिक्सेलच्या पात्याने लढू नका

"भाऊ, तलवार अर्ध्यातूनच बंद पडून राहिली जी." गॅदरिंगच्या दिवसांत आणि तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात दुकानात येणारे बहुतेक फोन याच वाक्याने सुरू होतात. कोणाला वाटतं सेल उतरला, कोणाला वाटतं बोर्ड गेला, कोणी सरळ म्हणतं की माल खराब दिला. बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. पिक्सेलचं पातं घेऊन कोणीतरी जोरात लढलेलं असतं. हे पत्रक मुख्यतः तेवढ्यासाठीच छापलं आहे.

लाइटसेबर, म्हणजे स्टार वॉर्स सिनेमातली उजेडाच्या पात्याची तलवार. तिच्यासारख्या दोन प्रकारच्या सेबर आमच्याकडे मिळतात. साध्या, म्हणजे बेस-लिट सेबरमध्ये मुठीच्या तोंडाशी एकच मोठा एलईडी असतो आणि वर पॉलिकार्बोनेटची, म्हणजे मजबूत प्लास्टिकची पोकळ नळी. उजेड खालून वर जातो आणि टोकाच्या टोपीतल्या चकतीवरून परत फिरतो. नळीत विजेची एकही वस्तू नाही, त्यामुळे फुटण्यासारखं आत काहीच नाही. पिक्सेलच्या पात्यात मात्र नळीभर एलईडीच्या पट्ट्या असतात, पाठीला पाठ लावून दोन. मीटरला 144 एलईडी या हिशेबाने 36 इंची पात्यात दोन्ही बाजूंचे मिळून अडीचशेच्या आसपास होतात. बटण दाबल्यावर उजेड मुठीपासून टोकाकडे सरकत जातो, पडद्यावर दिसतो तसा. पातं लखलखतं, कडेपर्यंत एकसारखं भरतं. दिसायला त्याला तोड नाही, हे आम्हीही मान्य करतो, आणि म्हणूनच ते जास्त विकलं जातं.

आता ते अर्ध्यातून का विझतं ते बघा. प्रत्येक एलईडीच्या पोटात एक बारीक चिप असते. मुठीतल्या सर्किट बोर्डाकडून आलेल्या संदेशातला स्वतःचा भाग ती चिप ठेवून घेते आणि उरलेला पुढच्या एलईडीला देते. स्लॅब टाकताना माणसं रांगेत उभी राहून घमेली हातोहात पुढे देतात, त्यातलाच प्रकार. मधला एक जण खाली बसला की त्याच्या पुढच्या कोणाच्याच हाती घमेलं पोचत नाही. फटका बसून एका एलईडीचा टाका सुटला, की तिथपासून टोकापर्यंतचे सगळे एलईडी चांगले असूनही काळे राहतात. दोन्हींपैकी एकच पट्टी गेली असेल, तर पातं एका बाजूने पूर्ण दिसतं आणि फिरवलं की दुसऱ्या बाजूने अर्धं. मुठीजवळचा पहिलाच गेला, तर ती आख्खी पट्टी बंद.

म्हणून फोन करण्याआधी पातं सावकाश फिरवून बघा. एका ठरावीक जागेपासून टोकापर्यंत काळोख असेल, तर बिघाड पात्यात आहे. मूठ कितीही चार्ज केली तरी ते सुधारणार नाही. आख्खं पातं लुकलुकत असेल किंवा आवाज मधेच तुटून सेबर पुन्हा चालू होत असेल, तर सेल उतरला आहे किंवा मुठीतल्या पिना मळल्या आहेत. आधी पूर्ण चार्ज करा, मग सेबर बंद करून पातं काढा आणि पिना कोरड्या कापसाने हलक्या हाताने पुसा. पांढरा रंग टोकाकडे पिवळट दिसणं हासुद्धा सेल उतरल्याचा प्रकार आहे, पातं बिघडलेलं नसतं.

लोक जोरात का मारतात, हे दुकानात बघून बघून आमच्या लक्षात आलं आहे. टक्कर झाल्यावर येणारा तो 'खड्' आवाज हवा असतो. हळू मारलं तर आवाज येत नाही, म्हणून दुसरा फटका जास्त जोरात, तिसरा त्याहून जोरात. पण तो आवाज ताकदीचा नाही. मुठीतल्या बोर्डावर धक्का ओळखणारा सेन्सर असतो, आणि किती धक्क्याला आवाज द्यायचा हे बोर्डात ठरवता येतं. तो नीट लावला की पात्याला पातं नुसतं टेकवलं तरी आवाजही येतो आणि झगाटाही. फार नाजूक ठेवला तर हवेत फिरवतानाच आवाज यायला लागतो, म्हणून तो ज्याच्या हाताला त्याच्या हिशेबाने लावावा लागतो. सेबर घेताना आम्ही तुम्हाला चार हात फिरवायला लावतो ते याचसाठी. घाईत ते राहून गेलं असेल तर कधीही या, आमच्याकडून घेतलेल्या सेबरसाठी हे काम फुकट आहे. जे ग्राहक एवढं एक काम करून घेतात, त्यांची पाती टिकतात.

पिक्सेलचं पातं दुरुस्त होतं का? काही वेळा होतं. टोपी काढायची, फोम आणि उजेड पसरवणाऱ्या कागदासकट पट्टी बाहेर ओढायची, मेलेला एलईडी शोधायचा, तेवढा तुकडा कापून नवा सोल्डर करायचा, मग परत गुंडाळून सुरकुती न पडू देता नळीत सरकवायचं. सुरकुती पडली तर तिथे काळा डाग दिसतो आणि सगळं पुन्हा बाहेर काढावं लागतं. एका पात्यात अख्खी दुपार जाते. शेजारचा टाका पुढच्या महिन्यात सुटणार नाही, याची हमी कोणीच देऊ शकत नाही. त्यामुळे फटक्याने गेलेल्या पट्टीला आम्ही वॉरंटी देत नाही. काही ग्राहकांना हे कडक वाटतं. बोर्ड, बटण, स्पीकर, पिना यांत आमच्या कामाची चूक निघाली तर आम्ही बिनतक्रार बदलून देतो. पण जी वस्तू लढायची नाही हे आम्ही विकतानाच सांगतो आणि बिलावरही लिहून देतो, तिच्या तुटण्याचा खर्च बाकीच्या ग्राहकांच्या भावात चढवणं आम्हाला पटत नाही.

"सिनेमात तर धडाधड हाणतात ना?" हा प्रश्न हमखास येतो. 1977 साली पहिला स्टार वॉर्स आला, तेव्हा नटांच्या हातात उजेड परावर्तित करणारा पदर चढवलेल्या कांड्या होत्या आणि पडद्यावरचं तेज नंतर एकेका फ्रेमवर चढवलं गेलं. 1999 पासूनच्या तीन चित्रपटांत लढाया कितीतरी वेगवान झाल्या, पण तेव्हाही हातात साध्या न पेटणाऱ्या कांड्याच होत्या आणि उजेड संगणकावर आला. प्रत्यक्ष उजेड देणारी पाती सेटवर आली ती 2015 च्या चित्रपटापासून, आणि तिथे एक पातं गेलं तर दुसरं द्यायला माणसं उभी असतात. सेबरच्या गुंजारवाचंही तसंच. ध्वनी-संयोजक बेन बर्ट यांनी सिनेमा प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबचा गुणगुणाट एकत्र करून तो आवाज बनवला, आणि तलवार फिरल्याचा भास आणायला तो स्पीकरवर वाजवून त्याच्यासमोरून माइक फिरवला. आमच्या बोर्डात फिरण्याच्या वेगाप्रमाणे आवाज चढतो-उतरतो, तो याच आवाजाच्या वळणाने. इतकी सुंदर कल्पना हातात घेताना ती ठोकाठोकीत वाया जाऊ नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

लढायचंच असेल तर अवश्य लढा. फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने 2019 साली लाइटसेबरच्या द्वंद्वाला अधिकृत खेळाचा दर्जा दिला. तिथे खेळाडू हेल्मेट, हातमोजे आणि अंगावर संरक्षक घालून उतरतात, आणि वार करण्याआधी पात्याचं टोक मागे न्यावं लागतं, म्हणजे वार मोठा, बघणाऱ्याला दिसणारा होतो. आपल्याकडे दांडपट्टा किंवा लाठीकाठी शिकलेल्या मुलांना ही फिरत लगेच जमते. त्यांच्या हातात आम्ही बेस-लिट सेबरच देतो, 3 मिलिमीटर जाडीच्या नळीची. 2 मिलिमीटरची नळी जास्त उजळते पण ती मिरवण्यासाठी आहे. पिक्सेल आधीच घेतली असेल, तर त्याच मुठीत रिकामी जाड नळी बसते, मात्र ती नीट उजळत नाही, सरावापुरती ठीक. दोघं भावंडं असतील तर आमचा सल्ला असा, की एक पिक्सेल आणि दोन साध्या घ्या. पिक्सेल वाढदिवसाच्या फोटोला आणि स्टेजवर एंट्रीला, साध्या दोन अंगणात. दोन साध्यांची जोडी घेणाऱ्याला जाड नळीचे जादा पैसे आम्ही लावत नाही.

पातं मुठीत घट्ट धरून ठेवणारा बारीक स्क्रू अ‍ॅलन कीने हाताला अडेपर्यंतच फिरवा. त्यानंतर आणखी पिळलं तर नळीला बुडाशी चीर जाते, आणि ती चीर पहिल्या फटक्याला वर चढते.

रंगाबद्दल एवढंच सांगतो, की पांढऱ्यात लाल, हिरवा, निळा तिन्ही पेटतात, म्हणून पांढरा सेल सगळ्यांत लवकर खातो. दिवसभराचा कार्यक्रम असेल तर निळा किंवा लाल ठेवा. 'हात भाजेल का, कपडा जळेल का' याचं उत्तर 'नाही' असं आहे. हा नुसता उजेड आहे. फक्त पेटलेल्या साध्या मुठीच्या तोंडात, पातं काढलेलं असताना, डोळा लावून बघू नका आणि लहान मुलांना बघू देऊ नका.

नागपूरच्या उन्हाचं मात्र गांभीर्याने घ्या. मुठीत 18650 जातीचा लिथियम-आयन सेल असतो, आणि असे सेल साधारण 45 अंशांपर्यंतच चार्ज करायचे असतात. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतला पारा तिथे पोचतो, बंद गाडीत तर तो त्याच्या कितीतरी पुढे जातो. दुपारी गच्चीवरच्या खोलीत किंवा गाडीत सेबर चार्जिंगला लावू नका, गाडीत ठेवूनही जाऊ नका. रात्री खोली थंड झाल्यावर चार्ज करा, आम्ही दिलेली केबल वापरा, आणि चार्ज झाली की काढा. कूलरसमोर ठेवली की लवकर थंड होईल असं काहींना वाटतं, पण खसाच्या ओल्या हवेने पिनांवर गंज धरतो. सेल फुगल्यासारखा वाटला, तर सेबर बंद करा आणि तशीच आणून द्या. बाजारातला मिळेल तो सेल टाकून बघू नका. पिक्सेलचं पातं एका क्षणाला भरपूर करंट ओढतं, साध्या टॉर्चच्या सेलला ते झेपत नाही.

आमच्या सेबर मूळ कंपनीच्या अधिकृत नाहीत आणि तशा म्हणून आम्ही त्या विकतही नाही. मूठ, नळी आणि बोर्ड आम्ही बाहेरून आणतो, जोडणी, सोल्डरिंग आणि आवाजाची लावणी इथे दुकानात होते. त्यामुळे बिघाड झाल्यावर पार्सल बाहेरगावी पाठवून वाट बघत बसावी लागत नाही. ऑनलाइन घेतलेल्या सेबरही आम्ही दुरुस्त करतो, पण आधी बघून, आणि मजुरी सांगून.

दुरुस्तीला येताना मूठ, पातं आणि केबल तिन्ही आणा. नुसतं पातं आणलं तर बिघाड पिनेचा की पट्टीचा हे कळत नाही आणि तुमची एक चक्कर वाया जाते. पात्याची टोपी घरी उघडू नका. टोपी ओढताना पट्टी सोबत ओढली जाते आणि एका एलईडीचं काम दहा एलईडींवर जातं. तान्ह्या पोळ्याच्या वेशभूषेसाठी आणि गॅदरिंगसाठी साध्या सेबर भाड्यानेही मिळतात, त्यांची नोंद किमान आठ दिवस आधी करा. पोळ्याच्या आदल्या दिवशी आलात, तर सेन्सर लावून देण्याइतका वेळ आमच्याकडे नसतो.