हद्दवाढ

हद्दवाढ : महानगरपालिकेची किंवा नगरपरिषदेची सीमा वाढवून लगतची गावे, वाड्या व वस्त्या शहराच्या कारभारात घेणे. सरकारी कागदांत याला क्षेत्रबदल म्हणतात. गावाच्या तोंडी मात्र ‘गाव पालिकेत गेलं’ एवढेच असते. आत आलेल्या गावांना ‘समाविष्ट गावे’ म्हणतात. हा शब्द एकदा चिकटला की लवकर सुटत नाही. गावातली शेवटची शेती विकली जाऊन तिथे बारा मजली इमारती उभ्या राहिल्या, तरी पालिकेच्या अंदाजपत्रकात ‘समाविष्ट गावांसाठी’ असे वेगळे शीर्षक राहते. आज ज्यांना कोणी गाव म्हणणार नाही, ती पुण्यातली एरंडवणे, कोथरूड, पर्वती, औंध, हडपसर ही एकेकाळची गावेच होत.

कायद्याची चौकट : कोणता भाग संक्रमणावस्थेतला, कोणता लहान नागरी आणि कोणता मोठा नागरी, हे राज्यपालांनी ठरवायचे, अशी तरतूद ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) केली. त्यासाठी लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक प्रशासनाचा महसूल, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण आणि आर्थिक महत्त्व हे निकष सांगितले आहेत. मुंबई वगळता राज्यातल्या महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने चालतात. हा मूळचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९. त्याच्या कलम ३ प्रमाणे राज्य शासन संबंधित महापालिकेशी विचारविनिमय करून राजपत्रातील अधिसूचनेद्वारे हद्द वाढवू किंवा कमी करू शकते. त्याआधी प्रारूप अधिसूचना, म्हणजे मसुदा, काढून हरकती व सूचना मागवाव्या लागतात.

या कलमाचे शब्द लक्ष देऊन वाचण्यासारखे आहेत. विचारविनिमय करायचा तो महापालिकेशी. ज्या गावाचे अस्तित्व बदलणार आहे त्याच्या वाट्याला येते ती ‘हरकत’. ग्रामसभेने एकमताने ठराव केला, बाजूने असो वा विरोधात, तरी तो शासनावर बंधनकारक नसतो. हद्दवाढीवरच्या चर्चेत गाव आणि शहर समोरासमोर बसतात असे वरवर दिसते, पण त्यांच्या खुर्च्या सारख्या उंचीच्या नसतात. या विषयातली बरीचशी कटुता इथून सुरू होते. हा दोष कायद्याचा आहे, एखाद्या अधिकाऱ्याच्या स्वभावाचा नव्हे.

हरकतींपासून दप्तरापर्यंत : प्रारूप निघाले की गावात कृती समिती उभी राहते. तिच्यात सर्व पक्षांचे लोक असतात; एरवी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढणारी घराणी एका मंचावर येतात. एकाच मजकुराचे अर्ज छापून घरोघर सह्या घेतल्या जातात. सुनावणी सहसा विभागीय आयुक्तांच्या पातळीवर होते. गावकरी तिथे सांगतात ते मुद्दे ठरलेले असतात : घरपट्टी वाढेल, शेतजमिनीवर रस्ते, उद्याने अशा सार्वजनिक कामांसाठी आरक्षणे पडतील, गायरान पालिकेच्या ताब्यात जाईल, दाखल्यासाठी दहा किलोमीटर जावे लागेल. अधिकाऱ्यांची बाजूही ठरलेली असते आणि तीही पोकळ नाही. गावात बेसुमार बांधकाम होत आहे, सांडपाणी ओढ्यात जात आहे, कचरा रस्त्याकडेला पेटवला जात आहे आणि ग्रामपंचायतीकडे ना अभियंता आहे ना पैसा, हे खरेच असते. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून त्यावर घरे झालेली असतात. त्यांत राहणारे बहुतेक शहरातच कामाला जात असतात आणि त्यांना पालिका हवी असते. म्हणजे गाव एका आवाजात बोलत नाही. मूळ गावठाणातले खातेदार, गुंठेवारीतले घरमालक आणि नव्या सोसायट्यांतले रहिवासी अशा तिघांची गणिते वेगळी असतात. सुनावणीत पहिल्यांचा आवाज मोठा असतो, संख्या बहुधा उरलेल्या दोघांची.

अंतिम अधिसूचना निघाली की ग्रामपंचायत संपते. पालिकेचे पथक येऊन दप्तर ताब्यात घेते : मिळकतींची नोंदवही, जन्ममृत्यूची नोंद, ठरावांची वही, बँकखाते, पाण्याच्या पंपाच्या किल्ल्या. सरपंचाचे पद त्या दिवशी जाते. पालिकेच्या लेखी हे हस्तांतरण आहे. गावाच्या लेखी काय असते, ते ज्या कार्यालयात आजोबांनी ठरावावर अंगठा उमटवला आणि नातीने सही केली त्याच्या दारावर ‘संपर्क कार्यालय’ अशी पाटी लागते तेव्हा कळते.

पुणे : हद्दवाढीचे सगळे पैलू एका ठिकाणी पाहायचे तर पुण्यासारखे दुसरे उदाहरण नाही. महापालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी स्थापन झाली. १९९७ मध्ये ३८ गावे एकदम आत घेण्यात आली. विरोध इतका झाला की २००१ मध्ये त्यांतली १५ गावे पूर्णपणे आणि ५ गावे अंशतः वगळावी लागली. बाणेर, बालेवाडी, वारजे, खराडी, कात्रज ही आत राहिलेल्यांपैकी. त्यांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्र जैववैविध्य उद्यानासाठी राखण्याचा मुद्दा आला आणि त्यावर वर्षानुवर्षे वाद चालला. टेकडी वाचावी असे म्हणणारा शहरी नागरिक आणि ती टेकडी ज्याच्या सातबाऱ्यावर आहे तो शेतकरी, हे दोघेही या वादात आपापल्या जागी खरे होते.

वगळलेल्या गावांची गंमत अशी की पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्यांनाच पालिका हवीशी झाली. बाहेर राहिल्याने कर वाचला, पण इमारती थांबल्या नाहीत आणि पाणी आले नाही. २०१४ मध्ये ३४ गावांच्या समावेशाचे प्रारूप निघाले व पुढे रेंगाळले. तेव्हा हवेली तालुक्यातल्या कृती समितीनेच उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. शासनाने टप्प्याटप्प्याने गावे घेण्याचे मान्य केले. ४ ऑक्टोबर २०१७ रोजी ११ गावे आली. त्यांत धायरी, उंड्री, दोन्ही आंबेगावे, शिवणे, फुरसुंगी, उरुळी देवाची आणि लोहगावचा उरलेला भाग होता. ३० जून २०२१ रोजी वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, नांदेड, खडकवासला, किरकटवाडी आदी २३ गावे आली. पालिकेचे क्षेत्र ५०० चौ. कि.मी.च्या पुढे गेले आणि क्षेत्रफळात पुण्याने मुंबईलाही मागे टाकले.

क्षेत्र वाढले त्या गतीने कारभार पोहोचला नाही. २३ गावे पालिकेत येऊन महिनाही झाला नव्हता, तोच शासनाने त्यांच्यासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (पीएमआरडीए) नेमणूक केली. त्यामुळे बांधकामाची परवानगी आणि तिचे शुल्क एका संस्थेकडे, तर त्या इमारतीला पाणी, ड्रेनेज व रस्ता देण्याची जबाबदारी दुसऱ्या संस्थेवर, अशी वाटणी झाली. तक्रार घेऊन जाणाऱ्या रहिवाशाला दोन्हीकडून एकच उत्तर मिळू लागले : हे आमच्याकडे नाही.

पाणी : हद्दवाढीच्या बाजूने दिलेले पहिले वचन पाण्याचे असते आणि सर्वांत उशिरा पाळले जाते तेही हेच. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिलेन-बारे सिंड्रोम (जीबीएस) या चेतासंस्थेच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. पुणे विभागातील एकूण रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली, काहींचा मृत्यू झाला. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी ही रुग्णांची गावे म्हणजे समाविष्ट गावेच होती. परिसराला नांदेड गावातल्या विहिरीचे पाणी जात होते. त्यात क्लोरिन टाकले जाई, पण ते जलशुद्धीकरण केंद्रातून गाळून आलेले नव्हते. ज्या खडकवासला धरणाचे पाणी शुद्ध होऊन बहुतांश पुण्याला मिळते, त्या धरणाच्या पायथ्याची ही गावे. पालिकेत येऊन साडेतीन वर्षे, धायरीच्या बाबतीत तर सात वर्षे, झाल्यावरही ती विहिरीच्या पाण्यावर होती. हद्दवाढीच्या प्रत्येक प्रस्तावाला जलवाहिनीचा नकाशा आणि तिची तारीख जोडणे बंधनकारक असावे, या मागणीला याहून मोठा आधार शोधण्याची गरज नाही.

कर : महानगरपालिका अधिनियमाने नव्या भागावर एकदम पूर्ण कर लावलेला नाही. पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या दराने आणि नंतर दरवर्षी २० टक्क्यांच्या टप्प्याने तो वाढत जातो. कागदावर ही तरतूद न्याय्य आहे. मात्र कराचे टप्पे दिनदर्शिकेप्रमाणे चढतात आणि सुविधांना असे कोणतेही वेळापत्रक नसते. टँकरने पाणी विकत घेणाऱ्या सोसायटीला टप्पे संपून पूर्ण दराचे बिल येते तेव्हा तिची चीड समजण्यासारखी असते. शेतातली गोठ्याची शेड, पोल्ट्री आणि भाड्याने दिलेले गोदाम यांच्या आकारणीवरूनही मोठे वाद झाले. २०२४ मध्ये पुण्याच्या समाविष्ट गावांतील मिळकतकराच्या वसुलीला शासनाने स्थगिती दिली. त्यामुळे पालिकेचे उत्पन्न थांबले आणि त्याच गावांत खर्च कशातून करायचा हा प्रश्न पुढे आला.

प्रतिनिधित्व : ग्रामपंचायत गेली की तिच्या जागी नगरसेवक यायला हवा. २०१७ च्या ११ गावांसाठी २०१९ च्या पोटनिवडणुकीत मिळून दोन नगरसेवक निवडले गेले. २०२१ च्या २३ गावांचे नशीब आणखी वाईट. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली, प्रशासक आला आणि निवडणुका पुढे ढकलल्या जात राहिल्या. या गावांनी सरपंच आणि सदस्य गमावले ते जून २०२१ मध्ये. नगरसेवक निवडण्याची पाळी आली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली साडेचार वर्षे दिवाबत्तीची तक्रारसुद्धा मते मागायला कधीच न येणाऱ्या अधिकाऱ्याकडे न्यावी लागली. जीबीएसची साथ आली ती याच काळात, हे विसरता येणार नाही.

बाहेर पडलेली गावे : फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांचे पालिकेशी नाते हद्दवाढीच्या फार आधीचे आणि कडवट. पुण्याचा कचरा अनेक दशके इथल्या डेपोत पडत आला. विहिरी नासल्या, दुर्गंधीने जगणे अवघड झाले. कचऱ्याच्या गाड्या अडवून गावकऱ्यांनी अनेकदा शहराला वठणीवर आणले आणि पालिकेला टँकरने पाणी पुरवावे लागले. २०१७ मध्ये ही गावे आत आली, तेव्हा कचरा सोसला त्याची भरपाई म्हणून तरी शहर आपल्याला चांगले वागवील, अशी अपेक्षा होती. वाढलेल्या कराने ती पुसून टाकली. डिसेंबर २०२२ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी दोन्ही गावे वगळून स्वतंत्र नगरपरिषद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि २०२४ मध्ये तो अधिसूचनेने अमलात आला. पालिकेने आपल्या नगररचना योजना (जमिनींची फेरआखणी करून रस्ते व सुविधांना जागा काढणाऱ्या) ज्या भागात आधी हाती घेतल्या, त्यांत हीच गावे होती. त्या योजनांसह ती बाहेर गेली.

कल्याणची सत्तावीस गावे : ठाणे जिल्ह्यात ‘सत्तावीस गावे’ हे आता संख्येपेक्षा विशेषनाम झाले आहे. कल्याण महापालिका १९८३ मध्ये स्थापन झाली तेव्हा नांदिवली, भोपर, गोळवली आदी गावे तिच्यात होती. आगरी समाजाचे प्राबल्य असलेल्या या गावांनी सुविधा नाहीत म्हणून दीर्घ लढा दिला, निवडणुकीवर बहिष्काराचे हत्यारही उपसले. जुलै २००२ मध्ये ती वगळली गेली, जून २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली गेली. जून २०२० मध्ये त्यांतली १८ वगळण्याची अधिसूचना निघाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण महापालिकेशी कायद्याने आवश्यक असलेला विचारविनिमय झालेला नव्हता. एका पिढीत चार वेळा फिरलेल्या या निर्णयांचा फायदा झाला तो अनधिकृत चाळी व इमारती बांधणाऱ्यांना. जबाबदार कार्यालय कोणते हेच ठरत नसेल, तर बांधकाम थांबवणार कोण?

कोल्हापूर : इथली कथा न झालेल्या हद्दवाढीची आहे. १८५४ मध्ये नगरपालिका आणि १५ डिसेंबर १९७२ रोजी महापालिका झाली, पण हद्द वाढली नाही. सुमारे ४२ गावांपासून सुरू झालेले प्रस्ताव कमी होत होत वीस-अठरांवर आले. शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहती आत घ्यायच्या की नाहीत, हा प्रत्येक प्रस्तावातला कळीचा मुद्दा. शहरात हद्दवाढ समर्थक कृती समिती आणि गावांत हद्दवाढ विरोधी कृती समिती, अशा दोन्ही बाजूंनी उपोषणे, मोर्चे आणि बंद झाले. शहरवासी म्हणतात, उचगाव, पाचगाव, कळंबा ही गावे शहराला चिकटली आहेत, त्यांच्यापर्यंत केएमटीची, म्हणजे महापालिकेची, बस जाते, आग लागली की बंब शहरातूनच येतो, मग कर फक्त आम्हीच का भरायचा? गावकरी विचारतात, शहराच्या जुन्या उपनगरांतच धड रस्ते नाहीत, तिथे आमचे काय भले होणार? ऊस आणि दूध यांवर उभ्या असलेल्या या पट्ट्यात जमीन ही नुसती मालमत्ता नाही, गावच्या सहकारी सोसायटीपासून साखर कारखान्यापर्यंतच्या सभासदत्वाचा आणि कर्जाच्या पतपात्रतेचा तो आधार आहे. त्यावर आरक्षण पडण्याची भीती शहरातल्या माणसाला सहज उमगत नाही. २०१७ मध्ये शासनाने मधला मार्ग म्हणून शहरालगतच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमले. गावे स्वतंत्र राहतील आणि नियोजन एकत्र होईल, ही कल्पना चांगली होती. पण तिला पुरेसा निधी व मनुष्यबळ मिळाले नाही, आणि गावांतून प्राधिकरणालाही विरोध सुरू झाला. महापालिकेचे क्षेत्र स्थापनेच्या वेळी होते तेच, ६६.८२ चौ. कि.मी., राहिले.